बिनसावलीची पेटी

सोमवार, २ मे १९८३. लातूर.

पोचलो एकदाचा! हदगावहून नांदेड, नांदेडहून लोहा, अहमदपूर करत लातूर. एसटीच्या टपावर माझी ट्रंक आणि मांडीवर कपड्यात गुंडाळलेला कॅमेरा. शेजारच्या म्हाताऱ्याने मांडीवर काय आहे विचारलं. मी म्हणालो, लेकरू आहे, आत्ताच डोळा लागलाय. बिचाऱ्याने अहमदपूरपर्यंत तंबाखूसुद्धा आवाज न करता मळली.

जिल्हा होऊन वर्षसुद्धा झालं नाही, पण गाव अंगात आल्यासारखं धावतंय. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, ओला रंग. जिथं कचेरी तिथं अर्ज आणि जिथं अर्ज तिथं फोटो. हे गणित मला नांदेडच्या स्टुडिओत फरशी पुसतानाच कळलं होतं. तिथं पुसणं, मग धुणं, मग रिटच, मग कॅमेरा. शाळेत शिकलो ते सातवीपर्यंत. बाकी सगळं अंधाऱ्या खोलीत शिकलो. त्या खोलीचं एक देणं म्हणजे माझे कान. आत हात पाण्यात असताना बाहेर कोण आलं ते चपलेवरून ओळखायची सवय लागली ती लागलीच. जावई, फौजदार, लग्नाची मुलगी, प्रत्येकाची चप्पल वेगळी बोलते.

जागा बाजारातल्या गोलाईपासून हाकेच्या अंतरावर. पुढची खोली स्टुडिओ, मधली राहायला, मागे बिनखिडकीची कोठी, म्हणजे डार्करूम आयतीच. मालक दत्तोपंत, शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं. एवढासा दम घेतला आणि किल्ली हातावर ठेवली. वर म्हणाले की पाण्याचं मात्र बघा, टँकर एक दिवसाआड, माणशी दोन घागरी, भांडायची तयारी ठेवा. मी म्हणालो, मास्तर, भांडण सोडून आम्हाला येतं काय!

शुक्रवार, ६ मे

चार दिवसांत एकोणचाळीस फोटो, त्यातले तीस कारकुनांचे. प्रत्येकाला गोरं व्हायचंय.

आज दत्तोपंतांनी मोठी बातमी आणली. जिल्ह्याला वर्ष होतंय म्हणून पंधरा ऑगस्टला प्रदर्शन भरणार, त्याचं पुस्तक निघणार. रेणापूरच्या अलीकडे एका खेड्यात सरजाबाई म्हणून म्हातारी आहे, तिच्याकडे लाकडाच्या रंगवलेल्या बारक्या बाहुल्या आहेत, चार-चार बोटांच्या. कचेरीतल्या साहेबांना त्यांचे फोटो हवेत, महिनाअखेर. हे जमलं तर कचेरीचं सगळं काम आपल्याकडे आणि मग चांगुणाला हदगावहून आणायला हरकत नाही. बायकोला पत्र टाकलं. लिहिलं की पाणी कमी आहे पण गाव चांगलं आहे.

बुधवार, ११ मे

सरजाबाईकडे जाऊन आलो. गावात दिवसा माणूस नाही. सगळे खडी फोडायला रोजगार हमीवर. सत्तरीची बाई, काटक. मी मावशी म्हणालो तर म्हणाली की भाच्यासारखा दिसत तर न्हाईस, पण बस.

एकेचाळीस बाहुल्या आहेत. मी नांदेडात निर्मळची खेळणी पुष्कळ पाहिली. ही खेळणी नाहीत. पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणि माणसं मात्र खरी. एकाच्या भुवईवर खोक आहे, एकीच्या नाकात तुटकी फुली, एकाच्या बंडीचं खालचं बटण नाही. सरजाबाईने सांगितलं ते असं. बहात्तरच्या दुष्काळात गाव पांगलं. कोण भट्टीवर गेलं, कोण खाणीवर, कोण मुंबईकडं. काही परत आले. जे आलेच नाहीत, मेल्याचीही खबर नाही, त्यांचं करायचं काय? दिवस घालता येत नाहीत, वाट बघणं सुटत नाही. तिचा नवरा नागप्पा सुतार. ज्याच्या घरचं माणूस आलं नाही त्याला त्याने अशी बाहुली करून दिली. देवळीत ठेवायची आणि दिवेलागणीला दिवा लावायचा, तो एकाच अंगाला. त्या उजेडाच्या रोखाने माणूस वाट काढतं. पुढे ती घरंही उठली आणि जाताना बाहुल्या हिच्या ओटीत घालून गेली.

चाळीस नागप्पाच्या हातच्या. एकेचाळिसावी नागप्पाची. तो स्वतःच त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात काम शोधायला गेला तो गेला. ती बाहुली हिने स्वतः विळ्याने तासली. एक डोळा वर, एक खाली. ही बाहुली दाखवताना ती लाजली. म्हणाली की दहा वर्सं झाली, माझ्या हातात कला असती तर कवाच आला असता.

फोटोला हो म्हणाली, बाहुल्या पेटाऱ्यात घालून माझ्याबरोबर दिल्या, पण एका अटीवर: उजेड एकाच अंगाने पडला पाहिजे. मी हो म्हणालो. असं हो मी दिवसाला पन्नास वेळा म्हणतो.

शनिवार, १४ मे

पेटी तयार! बाजारात अशी वस्तू मिळत नाही, म्हणून घरीच केली. साबणाचा मोठा खोका घेतला, दोन्ही बाजूंना आणि वर खिडक्या कापल्या. त्यांवर दत्तोपंतांनी दिलेला ट्रेसिंग पेपर खळीने चिकटवला, म्हणजे बल्बचा उजेड गाळून, दुधासारखा येतो. आत पांढऱ्या कार्डशीटचा एकच ताव मागच्या भिंतीवरून खाली तळावर वळवून आणला, घडी न घालता. घडी नाही म्हणून कोपरा नाही. कोपरा नाही म्हणून वस्तू कुठं उभी आहे ते कळत नाही, पांढऱ्यात तरंगते. बल्ब शंभराचे. पहिल्यांदा इतके जवळ लावले की कागद करपला आणि दत्तोपंत बादली घेऊन धावले. बादलीत पाणी नव्हतं, पण धावले ते खरं.

सोमवार, १६ मे

काल अटीप्रमाणे एकच बल्ब लावून आठ बाहुल्या काढल्या. अर्धा चेहरा काळा, मागे लांबच लांब सावली. आज सकाळी साहेबांनी प्रिंट टेबलावर ठेवून विचारलं की हे कलेचं पुस्तक आहे की फरार आरोपींचं? परवापर्यंत चांगले आणा, नाहीतर औरंगाबादचा माणूस बोलावतो.

घरी आलो. पेटीकडे बघत बसलो. म्हातारी काय बघायला येणार आहे? डावा, उजवा, वरचा, तिन्ही बल्ब लावले. समोरून पांढरा कागद, लेन्सपुरतं भोक. चहूबाजूंनी उजेड. पहिली बाहुली आत ठेवली आणि खरं सांगतो, हरखलो. सावली म्हणून नाही! पायाखालीसुद्धा नाही. भुवईवरची खोक मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. मनात एक ते आठ मोजून शटर सोडायचं, पुढची ठेवायची. संध्याकाळपर्यंत चाळीस झाल्या. एकेचाळिसावी, वाकड्या डोळ्यांची, पेटीत ठेवली आणि रोल संपला. तशीच राहू दिली, बल्ब विझवले.

बुधवार, १८ मे

साहेब खूश. काम आपलं! चांगुणाला दुसरं पत्र.

एक गंमत झाली. दुपारी दोनचा सुमार. नवे रोल आणले होते, राहिलेली बाहुली काढावी म्हणून बल्ब लावले. तेवढ्यात दाराशी कुणी चपला काढल्याचा आवाज. मोठ्या, टायरच्या, झिजलेल्या. मी न वळताच या बसा म्हणालो. मग दुसऱ्या चपला. मग जोडवी असलेला पाय. मग एक जण खोकला. एकदम एवढं गिऱ्हाईक म्हणून मी हसत वळलो तर दार रिकामं. बाहेर ऊन फटफटीत, रस्त्यावर कुत्रंही नाही.

छप्पन साली दीक्षा घेतली आणि आमच्या घरातून देव गेले, तेव्हा भुतंही त्यांच्यामागे गेली, असं माझा बाप सांगायचा. उन्हाचा परिणाम. कांदा फोडून खाल्ला.

गुरुवार, १९ मे

उन्हाचा परिणाम नाही.

आज मोजलं. बल्ब लावल्यावर पाचेक मिनिटांनी सुरू होतं. चपला निघतात, पाय आत येतात, भिंतीकडेने बसल्याचा आवाज होतो. लांबून चालत आलेला माणूस बसताना जो सुस्कारा सोडतो ना, तो. आणि मग मधल्या खोलीत माठावरचं झाकण वाजतं. मग घोट. एकामागून एक. घाई न करता, पण थांबतही नाहीत.

संध्याकाळी माठात काठी घातली. टँकरचं पाणी सकाळी काठोकाठ भरलं होतं. काठी कोरडी आली.

शुक्रवार, २० मे

पेटीतल्या पांढऱ्या कागदावर धूळ. काल पुसला होता. आपल्याकडची माती काळी. ही तशी नाही. एका जागी कोळशाची भुकटी. एका जागी वीटभट्टीची राख, हाताला अजून गरम लागली. एका जागी ओला चिखल. खारट वास. समुद्र मी पाहिलेला नाही.

बाहुल्या कापसात गुंडाळून पेटाऱ्यात ठेवल्यात. काढून बघितल्या. सगळ्यांचे तळपाय मळलेले. चाळिसांचे. वाकड्या डोळ्यांच्या बाहुलीचे मात्र स्वच्छ.

दत्तोपंतांना बोलावून बल्ब लावले. त्यांना काही ऐकू येत नाही. म्हणाले की नरसिंगराव, तुमची तब्येत बरी दिसत नाही. जाताना मात्र दारातून तिरके निघाले, जसं गर्दीतून निघतात. आपण तिरके का झालो ते त्यांनाही कळलं नसावं.

रविवार, २२ मे

सरजाबाई आली. न बोलावता, सकाळच्या एसटीने. उंबऱ्यातच विचारलं, दिवा कोणत्या अंगाला लावलास?

खोटं सांगणार होतो. तिच्याकडे बघून जमलं नाही. सगळं सांगितलं.

ती चिडली नाही. खाली बसली. म्हणाली की मला वाटलंच, सहा दिस झाले, दिवा लावते तर घर रिकामं लागतंय. मग समजावलं, जसं लेकराला समजावतात. एका अंगाचा उजेड म्हणजे वाट, अजून चालायचंय. चहूकडून उजेड म्हणजे घर आलं. उजेडाच्या आत उभं राहिलं की माणूस म्हणतं, पोचलो. तू त्यान्ला चुकीच्या दारात पोचवलंस बाबा.

उपाय विचारला. सोपा आहे म्हणाली. पेटी मोडायची, बाहुल्या हिने घरी न्यायच्या, एका अंगाला दिवा लावायचा. वाटेवरचे पुन्हा वाटेला लागतील.

मी पेटीला हात घातला तर तिने माझं मनगट धरलं. हाडाची पकड. विचारलं की तुला ऐकू येतं ना? मग सांग, माझा आला का?

सोमवार, २३ मे

बल्ब दिवसभर चालू. ती पेटीसमोर बसून. दर घटकेला विचारते. मी मोजतो. चाळीस. पुन्हा मोजतो. चाळीस.

तिचं म्हणणं, बाहुली नीट तासली नाही, म्हणून त्याला उजेड उशिरा दिसला असेल. तो निघाला असेल. त्याच्याआधी पेटी मोडली तर वाट आणि घर दोन्ही जातील. थांब बाबा, एक दिस थांब.

माझ्या वाटणीच्या दोन्ही घागरी दुपारपर्यंत संपल्या. शेजारून तांब्याभर आणलं ते तिला दिलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळे टेकलेत. चालताना पाय जपून टाकतो. झोपायला अंधाऱ्या कोठीत जातो. तिथं येत नाहीत.

मंगळवार, २४ मे

आता सहन होत नाही — दुपारभर घोट, घोट, रिकाम्या माठातून घोट —

तिने विचारलं आणि मी म्हणालो, आला. मावशी, आला नागप्पा.

माझा धंदाच तो. काळ्याला गोरं म्हणायचं, रडक्याला हसरं. एक शब्द. म्हातारी सुखाने जाईल, मीही सुटेन.

तिने पदर डोक्यावर घेतला. मी दाखवलं त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून इतकं हळू हसली की मला जमिनीत जावंसं वाटलं. विचारलं की काय म्हणतेत? मी सांगितलं: म्हणतात, लई थकलोय, आता कुठं जाणार न्हाई. दार लावून घे.

सांगत असतानाच ऐकलं. दारातून एक पाऊल आत आलं. चप्पल काढल्याचा आवाज नाही. चप्पलच नाही. मी दाखवलेल्या जागेवर जाऊन बसलं.

मोजलं. एकेचाळीस.

खोटं खरं झालं असेल. असंही होतं कधी. फक्त — हा एकटा पाणी प्यायला उठला नाही.

बुधवार, २५ मे

सरजाबाईला बाहुल्यांसकट एसटीत बसवलं. शेजारची जागा तिने कुणाला बसू दिली नाही. पेटी मोडली, खोका चुलीत घातला. घर रिकामं. माठ भरला, भरलेला राहिला. दुपारी झोपलो, उजेडात.

शुक्रवार, २७ मे

दुपारी. कारकुनाचा फोटो काढत होतो. हनुवटी वर करा म्हणत होतो.

दाराशी चपला निघाल्या. एक. थांबून दुसरी.

आधीचे कधी बोलले नाहीत. हा बोलला. घसा वाळलेल्या माणसासारखा. उंबऱ्याबाहेरूनच.

सरजा, म्हणाला. सरजा, पाणी दे.

कारकून विचारत होता की हलू का. मी कोठीत पळालो, दार लावून बसलो. नागप्पा आत्ता आला. दहा वर्षं चालून — आत्ता.

मग तिच्यासोबत गेलं ते कोण?

शनिवार, २८ मे. एसटीत.

मी तांब्या दारात ठेवला. रिकामा झाला. मग म्हणालो की चल, तुझ्या घरी नेतो, मी चुकलो. घशातून आवाज अर्धाच निघाला. परवापासून बसल्यासारखा झालाय.

कंडक्टरने माझ्याकडे न बघता दोन तिकिटं फाडली. मी दोन्ही घेतली.

त्याच दिवशी. सरजाबाईच्या दारात.

गावात माणूस नाही. सगळे खडीवर.

दार आतून लावलंय. फटीतून दिसतं. भरदिवसा चार दिवे, चार कोपऱ्यांत. चाळीस बाहुल्या भिंतीकडे तोंड करून. मधे ती बसलेली. ओठ फाटलेत. शेजारी दोन घागरी, काठोकाठ, झाकण लावलेल्या.

मला ओळखलं. उठता आलं नाही. तिथूनच सांगितलं, हळू, सुखाने. म्हणे सगळं चांगलं हाय, बोलतात माझ्याशी. पण पाणी घेत न्हाईत. त्यांनी घेतल्याबिगर मी कशी घेऊ? आमच्यात आधी धनी पितो.

बुधवारपासून. हे ऊन. तीन दिवस.

ओरडलो, पी म्हणून. आवाज नाही. तोंड उघडतं, वाराही निघत नाही —

आणि आतून कुणी बोललं. लई थकलोय. आता कुठं जाणार न्हाई. दार लावून घे.

माझा आवाज. माझाच.

दार ठोठावतो, खांदा लावतो, सुताराच्या हातचं दार, हलत नाही. ती म्हणते उघडू नको म्हणालेत, बाहेर कुणी नाव सांगत येईल.

नागप्पा माझ्यामागे उभा आहे. हाक मारतो आहे. तिला ऐकू जात नाही. तिला फक्त माझं ऐकू जातं, आणि ते आत आहे.

म्हणून लिहितो आहे. तिला अक्षर येत नाही, ठाऊक आहे. पान फाडून फटीतून आत सरकवतो. खडीवरून कुणी परत येईल, वाचून दाखवेल. जो येईल त्याने आधी दार फोडावं. मोठ्या अक्षरात:

मावशी, मी खोटं बोललो. नागप्पा बाहेर आहे, तहानेला आहे. आत बसलाय तो कुणी नाही, त्याला मीच तुमच्या शेजारी बसवलं. त्याची वाट बघू नका. झाकण काढा. आधी तुम्ही पाणी

— ती आडवी झाली. हात घागरीवर आहे. झाकण — काढते की — तो पुन्हा बोलतोय, माझ्या आवाजात, तिला सांगतोय की थांब, मी आधी —

मावशी, न्हाई, तुम्ही आधी, तुम्ही